जोखमीची विद्या

पदवी-परीक्षांचे निकाल लागले कीं ‘पुढें काय?’ हा प्रश्न घरोघर निघतो. आणि ज्या घरांत त्याचें उत्तर एकट्यानें द्यावयाचें नसतें, तेथें तो बरेच दिवस रेंगाळतो. आमच्याकडे यंदा आलेल्या पत्रांत अशाच एका मोठ्या, एकत्र नांदणाऱ्या कुटुंबांतील कर्त्या गृहस्थांचें पत्र आहे. त्यांची पुतणी भूशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली. गुण चांगले आहेत. घरांतील सर्वांची अपेक्षा अशी, कीं तिनें त्याच विषयांत एम. एस्सी. व्हावें व एखाद्या खनिजाच्या अगर तेलाच्या कंपनींत लागावें. मुलीच्या मनांत मात्र निराळेंच आहे. तिला ‘पर्यावरणीय आणि सामाजिक जोखीम’ या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास करावयाचा आहे. गृहस्थ विचारतात: हा विषय शास्त्राचा कीं समाजाचा? तो शिकून माणूस नेमका होतो कोण? आणि पूर, भूकंप व स्फोट यांचें रोज दोन वर्षें चिंतन करणें तरुण मुलीच्या मनास कितपत मानवेल? पत्राच्या शेवटीं त्यांनीं आणखी एक मजकूर जोडला आहे. सामाईक वाडा विकून आलेल्या पैशांतून पुण्यास नदीजवळ दोन सदनिका घेण्याचें ठरत आलें होतें. मुलीनें पूररेषेचा नकाशा आणून वडील मंडळींपुढें पसरला व हरकत घेतली. तेव्हांपासून या अभ्यासाचें नांव निघतांच घरांतील हवा तापते.

पत्रकर्त्यांचें नांव आम्ही देत नाहीं. पण प्रश्न एका घराचा नव्हे, म्हणून येथें जरा सविस्तर लिहितों.

प्रथम शब्दाविषयीं. ‘रिस्क’ या शब्दास हल्लीं मराठींत ‘जोखीम’ म्हणतात, आणि हा शब्द नकळत फार अचूक पडला आहे. लग्नकार्यास परगांवीं निघतांना आपल्या घरांतील जुन्या बायका एकमेकींस बजावीत, कीं अंगावर फार जोखीम ठेवूं नका. तेथें जोखीम म्हणजे चोर नव्हे. जोखीम म्हणजे पाटल्या आणि गोठ. मौल्यवान वस्तु आणि तिच्यावरील संकट या दोहोंसही आपल्या भाषेनें एकच शब्द दिला. चोर जगांत आहेतच. परंतु अंगावर दागिना नसेल तर त्यांच्यापासून जोखीम नाहीं, आणि दागिना असूनही सोबत भरंवशाची असेल तर ती कमी. नव्या विद्येची सारी मांडणी याच तीन गोष्टींवर आहे. येणारें संकट कोणतें व केवढें. त्याच्या वाटेंत कोण आणि काय आहे. आणि जें वाटेंत आहे तें किती दुबळें आहे. पहिली गोष्ट पर्जन्यमापकानें अगर भूकंपलेखकानें मोजतां येते. दुसरी व तिसरी मोजावयाची तर घराच्या भिंती, कुटुंबाची मिळकत, जमिनीची मालकी, जातवार वस्ती, बायकांचें घरांतील स्थान, नगररचनेचे कायदे, हें सर्व पाहावें लागतें. म्हणून विषय शास्त्राचा कीं समाजाचा, याला आमचें उत्तर असें, कीं दोहोंपैकीं एकच शिकविणारा अभ्यासक्रम असेल तर त्यानें हें नांव धारण करूं नये.

उदाहरण आपल्या प्रांतांतलेंच घेऊं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला कांहीं मिनिटें कमी असतां, लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं गणपतींचें विसर्जन झालेलें. गांवें थकून झोंपलीं होतीं. भूकंपाची महत्ता सुमारें ६.२ होती. या प्रतीचे शंभराहून अधिक भूकंप पृथ्वीवर दर वर्षीं होतात, आणि त्यांपैकीं बहुतेकांची वर्तमानपत्रांत दोन ओळींचीही बातमी येत नाहीं. येथें मात्र आठ ते दहा हजार माणसें गेलीं. कां गेलीं? मातींत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर माळवदाचें ओझें. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत तें घर गार राहतें. म्हणून भिंत जितकी जाड तितकें घर चांगलें, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या होती व ती उन्हापुरती खरीही होती. माळवद गळूं नये म्हणून वर मातीचे थर चढत जात. ज्या शहाणपणानें माणसें उन्हापासून वांचलीं, त्याच शहाणपणाखालीं त्या पहाटे तीं गाडलीं गेलीं. भूशास्त्राचा विद्यार्थी खडकांतील भेगेचा अभ्यास करील, आणि तो आवश्यकच आहे. पण त्या भेगेपाशीं थांबला तर हजारों माणसें कशानें मेलीं हें त्यास कधींच कळणार नाहीं.

पुढें जें झालें तें तर निव्वळ समाजशास्त्र आहे. पन्नासावर गांवें समूळ उचलून नव्या जागीं वसविलीं गेलीं. नवीं घरें भूकंपास टिकतील अशीं झालीं, रस्ते सरळ व रुंद झाले. पण गांव एवढें ऐसपैस पसरलें कीं शेजार तुटला, शेत लांब पडलें, आणि दुपारीं ओट्यावर चार बायकांनीं मिळून निवडटिपण करण्याची सोय राहिली नाहीं. ही तक्रार क्षुल्लक वाटेल. परंतु संकटसमयीं प्रथम हांक ऐकतो तो शेजारीच, आणि शेजार ही देखील सुरक्षिततेची सामग्री आहे, हें या विषयाच्या अभ्यासकांनीं अनेक देशांत पाहून ठेवलेलें आहे.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. किल्लारीचा परिसर त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या राष्ट्रीय नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या, पट्ट्यांत होता. तो पट्टाच पुढें २००२ सालच्या सुधारणेंत काढून टाकण्यांत आला. त्याआधीं कोयनेनेंही असाच धडा दिला होता. दख्खनचें पठार अचल मानलें जात असे. १९६२ पासून कोयनेच्या धरणांत पाणी सांठूं लागलें, भूमीला लहान लहान हादरे बसूं लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ महत्तेचा भूकंप होऊन सुमारें १८० माणसें दगावलीं. धरणाच्या जलाशयानें चाळविल्या गेलेल्या भूकंपांत कोयनेचें उदाहरण आज जगभर शिकविलें जातें. आमच्या पत्रकर्त्यांच्या पुतणीस परदेशीं जावें लागलें तरी तेथील फळ्यावर तिला पहिल्या कांहीं आठवड्यांत आपल्याच सातारा जिल्ह्याचें नांव वाचावयास मिळण्याचा संभव फार आहे.

हा विषय अगदीं कालचा आहे असेंही नाहीं. अमेरिकेंत शिकागो विद्यापीठांत गिल्बर्ट व्हाइट नांवाच्या भूगोलाच्या विद्यार्थ्यानें पुरांविषयीं लिहिलेला प्रबंध १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. त्या देशांत त्या वेळीं धरणें आणि बंधारे यांवर अपार पैसा ओतला जात होता. व्हाइट यांचें म्हणणें असें, कीं पाण्याला अडविणें हा पुष्कळ उपायांपैकीं केवळ एक उपाय आहे. जमीन कशासाठीं वापरावी याचे नियम, घराची बांधणी, आगाऊ सूचना, विमा, मदत, हेही उपायच आहेत व त्यांचा विचार कोणी करीत नाहीं. पुढें १९५८ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील शहरांची पाहणी केली, तेव्हां पूरनियंत्रणावर एवढा खर्च होऊनही नदीकांठच्या सखल जमिनीवरील वस्ती वाढतच चालल्याचें दिसून आलें. बंधारा झाला कीं लोकांना धीर येतो. धीर आला कीं घरें होतात. आणि ज्या दिवशीं बंधाऱ्यापेक्षां मोठें पाणी येतें, त्या दिवशीं पूर्वींहून अधिक नुकसान होतें.

दुसरें नांव उलरिक बेक या जर्मन समाजशास्त्रज्ञाचें. त्यांचा ‘जोखमीचा समाज’ हा ग्रंथ १९८६ सालीं निघाला, म्हणजे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली त्याच वर्षीं. पूर्वींचीं संकटें आकाशांतून येत; आजचीं आपणच आपल्या कारखान्यांतून व प्रयोगशाळांतून निर्माण करतों, आणि तीं डोळ्यांना दिसत नाहींत, असा त्यांचा मुद्दा. तो मोलाचा आहे. पण अशा नव्या संकटांपुढें गरीब-श्रीमंत भेद उरत नाहीं, असा जो सूर त्यांच्या विवेचनांत लागतो, तो आम्हांस पटत नाहीं. १९८४ सालच्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्रीं भोपाळांत विषारी वायु सुटला, तेव्हां तो प्रथम शिरला तो कारखान्याच्या भिंतीलगतच्या झोंपड्यांत. वाऱ्याला जात नसेल, वस्तीला असते.

आतां पूररेषेकडे वळूं, कारण पत्रकर्त्यांच्या घरांतील भांडण तेथें आहे. महाराष्ट्रांत नदीकांठीं दोन रेषा आंखतात. निळी रेषा म्हणजे साधारणपणें २५ वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर पोंचतो ती. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदां येणारा. निळ्या रेषेच्या आंत बांधकामास बंदी, आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत अटी घालून परवानगी. गृहस्थ लिहितात, कीं त्यांची जागा दोहोंच्या मध्यें आहे, व कायदेशीर आहे. शिवाय शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची फिकीर पन्नाशीच्या माणसानें कां करावी?

‘शंभर वर्षांतून एकदां’ हे शब्द फसवे आहेत. एकदां येऊन गेला कीं पुढील शंभर वर्षें तो पूर सुट्टीवर जातो, असें नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, कीं कोणत्याही वर्षीं तो येण्याचा संभव शंभरांत एक. प्रत्येक वर्ष स्वतंत्र धरून हिशेब केला, तर तीस वर्षांच्या वास्तव्यांत असा पूर निदान एकदां पाहावा लागण्याचा संभव शंभरांत सुमारें २६ येतो. पंचवीस वर्षांच्या पुराचा हाच आंकडा तीस वर्षांत सुमारें ७१ होतो. दोन रेषांच्या मधली सदनिका या दोन आंकड्यांच्या मध्यें कोठें तरी बसते. तिजोरी फुटण्याचा संभव चार वर्षांत एक नसून चार तिजोऱ्यांत एक आहे असें कोणी सांगितलें, तर आपण त्या पेढींत पैसे ठेवूं काय? गणित मुलीनें काढलें असेल तर तें उद्धटपणाचें लक्षण नव्हे. तिच्या शिक्षणावर झालेल्या खर्चाचा तो पहिला परतावा आहे.

आणि रेषा म्हणजे देखील ब्रह्मवाक्य नव्हे. पुण्यांत मुठेची निळी रेषा सेकंदास ६० हजार घनफूट आणि लाल रेषा १ लाख घनफूट प्रवाह धरून ठरविलेली आहे. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून सुमारें ३५ हजार घनफूट पाणी सोडलें, म्हणजे निळ्या रेषेच्या हिशेबापेक्षां पुष्कळ कमी, तरीही सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींतील सोसायट्यांत पाणी शिरलें. पात्रांतील भराव, पुलांचे अडथळे, धरणाच्या खालच्या भागांत पडणारा पाऊस व मध्येंच येऊन मिळणारे ओढे यांचा हिशेब जुन्या रेषेंत किती धरला आहे, हें तपासणारा माणूस कोणी तरी शिकवून तयार केला पाहिजे. तो केवळ अभियंता असून भागत नाहीं. त्याला पाण्याची पातळी काढतां आली पाहिजे, आणि परवानगी कोणी व कोणत्या दिवशीं दिली याचा कागदही वाचतां आला पाहिजे.

घरांतील आजींची हरकत निराळी आहे, व आम्हांस ती अधिक विचारणीय वाटते. सदान्‌कदा मरणाचें व नाशाचें बोलणें अभद्र, असें त्यांचें म्हणणें. आपल्याकडे म्हण आहे: शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. या म्हणींत सारे जण नाऱ्याला हंसतात. पण मांडव खरोखरच पेटला असेल तर त्या लग्नघरांत शहाणा मनुष्य तोच एक होता, हें कोणी लक्षांत घेत नाहीं.

इटलींत लाक्विला शहरीं शुभच बोलावें असा आग्रह धरल्याचा परिणाम २००९ सालीं दिसला. कित्येक महिने तेथें लहान लहान धक्के बसत होते. त्या भागांतील जुनी रीत अशी, कीं रात्रीं धक्का बसला तर मुलांना उचलून बाहेर पडावें व उरलेली रात्र चौकांत अगर मोटारींत काढावी. ३१ मार्चला सरकारी तज्ज्ञांची बैठक भरली, आणि त्या सुमारास एका अधिकाऱ्यानें लोकांस असें भासविलें, कीं काळजीचें कारण नाहीं, लहान धक्क्यांनीं सांठलेला जोर निघून जात आहे; लोकांनीं घरीं बसून द्राक्षासवाचा पेला घ्यावा काय, या वार्ताहराच्या प्रश्नास त्यानें हंसून होकार दिला. ६ एप्रिलच्या रात्रीं आधीं धक्के बसले, तेव्हां पुष्कळ कुटुंबें वडिलांची रीत सोडून घरांतच राहिलीं. पहाटे साडेतीनला मोठा धक्का आला. तीनशेंहून अधिक माणसें मेलीं. २०१२ सालीं सहा तज्ज्ञ व तो अधिकारी, अशा सातही जणांस न्यायालयानें सहा सहा वर्षांची शिक्षा सांगितली. २०१४ सालीं वरच्या न्यायालयानें तज्ज्ञांस निर्दोष सोडलें. त्या अधिकाऱ्याची शिक्षा मात्र कमी करून कायम ठेवली. भूकंपाचा दिवस व घटका कोणासही आधीं सांगतां येत नाहीं, हें खरेंच. पण जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं असें लोकांस कोणत्या शब्दांत सांगावें, हा या अभ्यासांतील एक मोठा भाग आहे, आणि आमच्या मतें तोच सर्वांत कठीण. आजींना एवढेंच सांगावें, कीं त्यांची जुनी रीत मोडणाऱ्या तज्ज्ञापेक्षां ती समजून घेणारा तज्ज्ञ त्यांच्या घरांत तयार होऊं पाहत आहे.

तज्ज्ञ आणि सामान्य माणूस यांच्या मोजमापांत फरक असतोच. पॉल स्लोविक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९८७ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यांत धोक्याच्या तीस गोष्टींचा क्रम निरनिराळ्या लोकांनीं लावलेला दिला आहे. स्त्री-मतदारांच्या संघाच्या सभासदांनीं व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीं अणुवीज पहिल्या क्रमांकावर ठेवली. तज्ज्ञांनीं ती विसाव्या क्रमांकावर. तज्ज्ञ वार्षिक मृत्यूंची संख्या मोजत होते. बाकीचे लोक हेंही मोजत होते, कीं धोका आपण होऊन पत्करला कीं दुसऱ्यानें लादला, तो ओळखीचा कीं अनोळखी, आणि पुढच्या पिढ्यांस बाधेल काय. या मोजमापास अडाणीपणा म्हणून झटकून टाकणारा विद्यार्थी परीक्षेंत उत्तीर्ण होईलही. गांवांत मात्र त्याला कोणी दारांत उभें करणार नाहीं.

हें शिकावें कोठें? मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेंत आपत्तींच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. ती संस्था १९३६ सालची. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांत काम करावयास तिचे विद्यार्थी गेले होते, तेव्हां या बाबतींत तिची परंपरा नांवाहून जुनी आहे. परदेशांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनें जोखीम व आपत्तिनिवारण यांसाठीं २०१० सालीं स्वतंत्र संस्था काढली. जर्मनींत बॉन येथें संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाची शाखा आणि बॉन विद्यापीठाचा भूगोल विभाग यांनीं मिळून २०१३ सालीं पर्यावरणीय जोखीम व मानवी सुरक्षितता या विषयाचा एम. एस्सी. अभ्यासक्रम सुरू केला. नांवें निरनिराळीं असलीं तरी आंतील सामग्री पुष्कळशी सारखी असते: संभाव्यतेचें गणित, जलशास्त्र व भूशास्त्र यांची ओळख, उपग्रहचित्रांवरून नकाशे करणें, समाजशास्त्र, विम्याचें अर्थशास्त्र, २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यासारखे कायदे, आणि शेवटीं एका खऱ्या जागेवर केलेला प्रबंध. नवें नांव व आंत जुनाच माल, असे वर्गही निघाले आहेत. तेथें दोरानें खालीं उतरणें आणि आग विझविणें शिकवून पदव्युत्तर प्रमाणपत्र देतात. तें काम थोर आहे, पण त्यासाठीं एम. ए. ची गरज नाहीं. वडील मंडळींनीं माहितीपत्रकांतील इमारतींचीं चित्रें न पाहतां शिक्षकांची यादी पाहावी. तींत गणिती आणि समाजशास्त्रज्ञ दोघेही आहेत काय? क्षेत्रकार्याचे आठवडे किती? मागील विद्यार्थ्यांचे प्रबंध ग्रंथालयांत वाचावयास मिळतात काय? मिळत असतील तर दोन तरी वाचावे.

पोटाचा प्रश्न सांगतांना आडपडदा ठेवणें बरें नव्हे. अभियांत्रिकी पदवीधरास जो पगार सुरुवातीस मिळतो, तो येथें बहुधा मिळत नाहीं. राज्य व जिल्हा आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणें आहेत. पण त्यांतील जागा मोजक्या, व कांहीं ठिकाणीं कराराच्या. विमा कंपन्या, धरणें-रस्ते यांचे सल्लागार, महानगरपालिका, सेवाभावी संस्था, आंतरराष्ट्रीय संघटना, येथें वाव आहे, आणि हवामान जसजसें बदलत आहे तसतसा तो वाढत आहे. भूशास्त्राचा पाया पक्का असलेल्या मुलीस तो पाया न सोडतां हा विषय वर चढवितां येईल. तिनें एका बाजूनें नुसती ‘सर्व कांहीं थोडें थोडें’ जाणणारी होऊं नये, एवढा आमचा आग्रह आहे. गणित कच्चें असेल तर आधीं तें भरून काढावें. ज्या घराला दोन वर्षांनीं तिच्या पगाराची तांतडीनें गरज आहे, त्यानें हा मार्ग विचारानें धरावा. पत्रावरून पाहतां या घराची तशी अडचण दिसत नाहीं.

मनावर होणाऱ्या परिणामाविषयीं गृहस्थांची काळजी योग्यच आहे. पण या विद्येंत नुसता नाशच नाहीं. ओरिसांत २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळांत सुमारें दहा हजार लोक मेले. त्याच किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं फायलिन हें प्रचंड वादळ आदळलें, आणि मृतांची संख्या पन्नासांच्या आंत राहिली. मधल्या चौदा वर्षांत समुद्र कांहीं शांत झाला नव्हता. निवाऱ्याच्या इमारती झाल्या, सूचना गांवोगांव पोंचविण्याची व्यवस्था झाली, कोणत्या घरांतून कोणास आधीं हलवावयाचें याच्या याद्या झाल्या, आणि सुमारें दहा लक्ष माणसें वेळेवर हलविलीं गेलीं. गुरें व भांडीं सोडून लोक घराबाहेर कां पडत नाहींत, बायका कोणाची परवानगी येईपर्यंत थांबतात, हें ज्यांनीं दारोदार विचारलें होतें, त्यांच्या वह्यांचा त्या याद्यांत वांटा आहे. न मेलेल्या माणसाची बातमी होत नाहीं, एवढाच या कामांतील तोटा.

क्षेत्रकार्यासाठीं मुलीनें पावसाळ्यांत डोंगरांतील वाड्यांवर जाऊन राहणें कांहीं घरांस रुचणार नाहीं. पण तें टाळून हा विषय शिकतां येत नाहीं. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव दरडीखालीं गेलें. दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. आणि बाहेरच्या जगास तें कळलें तें एस. टी. च्या चालकाला नेहमींच्या जागीं गांवच दिसलें नाहीं तेव्हां. अशा वाड्यांवर डोंगराला भेगा पडल्याचें प्रथम दिसतें तें गुरें राखणाऱ्या पोरांना. त्यांच्याशीं बोलावयास संकोच न करणारी व त्यांचें बोलणें नकाशावर मांडतां येणारी माणसें थोडीं आहेत. विद्यार्थिनींच्या राहण्याची सोय काय, सोबत शिक्षक कोण, हें संस्थेस लेखी विचारण्याचा घरच्यांस पूर्ण अधिकार आहे व तो त्यांनीं बजावावा.

प्रवेशास अजून अवकाश असेल तर मधल्या महिन्यांत घरबसल्या एक काम करतां येईल. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें व त्याच दिवशीं खडकवासल्याचें धरण फुटून पुण्याच्या पेठांत पाणी शिरलें, तें पाहिलेलीं माणसें आतां सत्तरी-ऐंशीच्या पुढें आहेत, आणि पुष्कळ घरांत तीं अद्याप आहेत. त्यांच्यापाशीं वही घेऊन बसावें. पाणी येत आहे हें प्रथम कोणी सांगितलें. त्यावर विश्वास ठेवावयास किती वेळ गेला. घरांतून कोणास आधीं बाहेर काढलें, काय उचललें, काय राहिलें. जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढलें, व तो वाडा कोणत्या गल्लींत होता. पायरीचा आंकडा विशेष जपून लिहावा. वाडा आज उभा असेल, तर त्या पायरीची जमिनीपासूनची उंची फुटपट्टीनें मोजून घ्यावी.